वैशाखाचे भाकीत : अपरान्तापासून बंगळुरापर्यंत

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना उन्हाळ्याची चाहूल दोन ठिकाणांहून लागत असते. फाल्गुन सरता सरता बंगळुरातील आमच्या मराठी घरांतून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला गावाकडचा : यंदा आंबा कसा आहे? दुसरा इथला : पहिली सर केव्हा येणार? पूर्वी हे प्रश्न पोस्टकार्डावरून जात, पुढे ट्रंक-कॉलवरून जाऊ लागले आणि आता भ्रमणध्वनीवरून जातात. प्रश्न मात्र तेच राहिले आहेत. नीट पाहिले तर ह्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. येणारा उन्हाळा कसा जाईल, हे माणसाला आधी कळू शकते काय? ह्या जिज्ञासेला फार जुना इतिहास आहे. त्यात कोकणचा किनारा आहे, पुण्याची वेधशाळा आहे, तसेच ज्या शहराने आम्हांस आसरा दिला त्या बंगळुराचाही मोठा वाटा आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा इतिहास एकत्र मांडावा, असे आम्हांस वाटले.

आरंभ कौटिल्यापासून करणे युक्त ठरेल. कोठाराच्या समोर एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, तोंडाचे कुंड ठेवून पावसाचे मोजमाप करावे, अशी व्यवस्था अर्थशास्त्रात सांगितली आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो, ह्याची यादीही तेथे येते. जांगल प्रदेशात सोळा द्रोण, गोदातीरीच्या अश्मक देशात साडेतेरा, अवंतीत तेवीस. मात्र अपरान्त, म्हणजे आपले कोकण, आणि हिमालयाचा प्रदेश ह्यांच्यापुढे कौटिल्याने आकडा दिलेला नाही. तेथील पाऊस अमित आहे, एवढेच म्हटले आहे. पावसावर पीक अवलंबून आणि पिकावर राज्याचा वसूल अवलंबून, हे जाणून केलेली ही नोंद आहे. मोजल्याशिवाय भाकीत करता येत नाही, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने भाकिताचा मार्ग निराळा दाखविला. त्याच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचे प्रकरण आहे. मार्गशीर्षापासून पुढे आकाशात जी लक्षणे दिसतात त्यांतून पावसाचा गर्भ राहतो आणि एकशे पंचाण्णव दिवसांनी, म्हणजे साडेसहा महिन्यांनी, तो प्रसवतो, असा त्याचा सिद्धान्त. ह्या लक्षणांत माघातील जोराचा वारा आणि धुक्याने मंदावलेले सूर्यचंद्र ह्यांची गणना शुभ चिन्हांत केली आहे. हिवाळ्यातील वातावरणाचा पुढच्या पावसाशी काही संबंध असावा, ही कल्पना पुढे तेरा शतकांनी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी वेगळ्या साधनांनी तपासून पाहिली. त्या तपासणीचा वृत्तान्त पुढे येईलच.

वराहमिहिराला शुभ वाटलेले माघातले हे धुके कोकणातल्या बागाईतदाराला मात्र धडकी भरवते. रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले ह्या पट्ट्यात माघ-फाल्गुनाच्या रात्री आकाश निरभ्र असते, जमीन लवकर निवते, सह्याद्रीकडून गार मतलई वारे खाली उतरतात आणि खाड्यांच्या काठची ओलसर हवा पहाटे धुके होऊन बसते. झाडांच्या पानांवरून दहिवर ठिबकत असते. परमुलखातून आलेल्या पाहुण्यास हा देखावा रमणीय वाटेल, परंतु नेमक्या त्याच वेळी हापूसच्या झाडावर मोहोर असतो. ओलाव्याने भुरी आणि करपा हे रोग बळावतात, मळभ आले की तुडतुड्यांची संख्या वाढते, आणि पाहता पाहता मोहोर काळा पडून गळतो. ज्या वर्षी माघात धुके फार, त्या वर्षी वैशाखात पेटी महाग, हे गणित कोकणातले पोर-सोरही जाणते.

धुक्यातून वाचलेल्या फळास पुढे उन्हाची परीक्षा द्यावी लागते. किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि हवा आटोक्यात राहते. चैत्राच्या सुमारास काही दिवस असे येतात की देशावरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत. मग एका दिवसात पारा चढतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, ते अशाच वाऱ्यांमुळे. अशा उन्हाने लहान फळ गळते, आणि जे टिकते त्याच्या पोटात पुष्कळदा साका धरतो. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरा, स्पंजासारखा निघाला म्हणजे घरच्या माणसांची जी निराशा होते, तिचे मूळ मार्चमधल्या एखाद्या दुपारी दडलेले असते. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि १९७२ साली दापोलीस स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ ह्यांनी ह्या प्रश्नांवर अनेक वर्षे काम केले आहे. किनारपट्टीच्या उन्हाळ्याचा अंदाज ही बागाईतदाराच्या दृष्टीने वर्षाच्या कमाईची बाब असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

यंत्रे येण्यापूर्वी हा अंदाज पंचांगातून घेतला जात असे. गुढीपाडव्याच्या दिवशी गावच्या उपाध्यायाने संवत्सरफल वाचावे, यंदाचा मेघ कोणता आणि पाऊस किती आढक हे सांगावे, मृगाचे वाहन काय आहे ते सांगावे, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते. शेतात खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, पाण्याची घागर व त्यावर खाद्यपदार्थ मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या पहाटे त्यांच्यात झालेल्या फरकावरून भाकीत सांगतात. इथे कर्नाटकात तोच पाडवा उगादी म्हणून साजरा होतो, कडुनिंब आणि गूळ आमच्याप्रमाणेच इथेही वाटतात, आणि देवळात पंचांगश्रवणासाठी लोक जमतात. बंगळुरात आलेल्या मराठी माणसाला ह्या दिवशी परकेपणा वाटत नाही, ह्याचे एक कारण हे आहे की दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्याची चिंता एक आणि नक्षत्रेही तीच. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी ही पावसाची नावे कानडी शेतकऱ्याच्या तोंडीही तशीच आहेत. ह्या भाकितांना आजच्या अर्थाने शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु वर्षाच्या प्रारंभी सारा गाव एकत्र बसून पाण्याचा विचार करीत असे, हे त्या प्रथेचे मोल कमी नव्हे.

यंत्राने हवा मोजण्याचा उद्योग आपल्याकडे मुंबईत सुरू झाला. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, आणि १८४१ पासून तेथे हवामानाची व पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे होऊ लागली. ह्या आरंभकाळातच दोन मराठी माणसे तेथे दिसतात. पहिले ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. देवगडजवळच्या पोंभुर्ले गावचा हा पुरुष एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत असे, आणि कुलाबा वेधशाळेचा कारभारही त्याने सांभाळला. दुसरे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना वेधशाळेत नोकरीस लागला आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिला. पुढे त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला आणि प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग सिद्ध करण्याचा मार्ग घालून दिला. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. पंचांगाची परंपरा आणि वेधशाळेची शिस्त ह्या दोन्ही गोष्टी एका मराठी माणसात एकत्र आल्या होत्या, ह्याचे आम्हांस विशेष महत्त्व वाटते.

तथापि भाकिताची खरी निकड भासली ती दुष्काळामुळे. १८७६ आणि १८७७ ह्या दोन वर्षी दख्खन आणि म्हैसूर ह्या दोन्ही मुलुखांत पाऊस दगावला. पुणे, सातारा, सोलापूर ह्या जिल्ह्यांत काय अनर्थ झाला, त्याची माहिती पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावहून गोळा करून सरकारपुढे मांडली. म्हैसूर संस्थानात ह्या दुष्काळास संवत्सरांच्या नावांवरून धातु-ईश्वर असे ओळखतात. १८७१ च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती, ती १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिलीच, उलट सहा माणसांमागे सुमारे एक माणूस नाहीसे झाले. आज आम्ही ज्या भूमीवर सुखाने नांदतो, तिच्या इतिहासातील हे पान फार थोड्यांस ठाऊक असते.

ह्या दुष्काळाच्या थोडेच आधी, १८७५ साली, हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल काय, असा प्रश्न सरकारने दुष्काळानंतर त्यांच्यापुढे ठेवला. हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढचा पावसाळा कमी, असा संबंध ब्लॅनफर्ड यांना दिसला होता. त्यावरून त्यांनी १८८२ पासून प्रायोगिक अंदाज केले, आणि ४ जून १८८६ रोजी पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध झाला. मागे वराहमिहिराचा उल्लेख केला, तो ह्याच संदर्भात. हिवाळ्याच्या लक्षणांवरून पावसाळा ओळखण्याची मूळ कल्पना दोघांची सारखीच आहे. ब्लॅनफर्ड यांनी तिला बर्फाच्या नोंदींचा आधार दिला आणि अंदाज चुकला तर तो चुकला हे लोकांस दिसेल, अशा रीतीने तो छापला.

आणि तो चुकलाही. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेले जॉन इलियट यांच्या काळात १८९९ सालासाठी चांगल्या पावसाचे भाकीत होते. प्रत्यक्षात तो छपन्याच्या दुष्काळाचा काळ ठरला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचा पूर्वानुभव त्यांना नव्हता, पण आकड्यांवर त्यांची हुकमत होती. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी मागवून, कारकुनांच्या हातून शेकडो तुलना करवून घेऊन त्यांनी शोधले की प्रशांत महासागराच्या एका बाजूस हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूस हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि हे हेलकावे आपल्या पावसाशी निगडित आहेत. ह्या हेलकाव्यांस त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. पेरूच्या किनाऱ्यावरील एल निन्यो नावाच्या उष्ण पाण्याशी ह्या आंदोलनाचा सांधा १९६९ साली याकोब ब्यर्क्नेस यांनी जुळविला. आज वर्तमानपत्रात एल निन्योचे नाव वाचून कोकणातला शेतकरी काळजीत पडतो, त्यामागे वॉकर यांच्या कारकुनांची ती वर्षानुवर्षांची बेरीज-वजाबाकी उभी आहे.

हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९०५ मध्ये कलकत्त्याहून शिमल्यास आणि १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर ज्या चौकास आजही शिमला ऑफिसचा चौक म्हणतात, त्याचे नाव ह्या स्थलांतरातून पडले. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले, तरी पावसाळ्याच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाचे आणि उपकरणांचे काम पुण्यास राहिले. १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासाची संस्थाही पुण्यातच निघाली. अशा प्रकारे साऱ्या देशाच्या पावसाचे भाकीत मराठी मुलुखातून निघू लागले.

आता बंगळुराकडे वळू. मराठी माणसाचा ह्या शहराशी संबंध १६३८ पासूनचा आहे. त्या वर्षी विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले, आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. त्यांच्या इथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या राधामाधवविलासचंपूत आढळते. शहराची हवा राजकारणात महत्त्वाची ठरली ती त्यानंतर. श्रीरंगपट्टणच्या हिवतापाने त्रस्त झालेले इंग्रज सैन्य १८०९ साली येथे हलले आणि छावणी वसली. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे वीस मीटर उंची आणि दोन्ही समुद्रांपासून बेताचे अंतर, ह्यामुळे येथील उन्हाळा त्यांस सोसवला. तरीही ज्यांना आणखी गारवा हवा असे ते नंदीच्या टेकडीवर जात. कमिशनर मार्क कबन यांनी तेथे उन्हाळ्यासाठी बंगला बांधला होता. आजही सुट्टीच्या पहाटे नंदीवरचे धुके पाहण्यास आमची मुले जातात, तेव्हा त्यांच्या आई-वडिलांना आंबोलीची आठवण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात म्हैसूर संस्थानाने बंगळुरात आपली वेधशाळा सुरू केली. सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य जॉन कुक हे तिचे प्रवर्तक. दुष्काळाने पोळलेल्या संस्थानाने पाऊस मोजण्यास महत्त्व द्यावे, हे साहजिकच होते. ह्या नोंदींमुळे शहराच्या हवेविषयी आज आम्ही जे बोलतो त्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आधार मिळाला आहे.

त्या नोंदींवरून बंगळुराच्या उन्हाळ्याचे एक वैशिष्ट्य स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात वैशाखाच्या शेवटापर्यंत ताप चढतच जातो. इथे चैत्रात तो कळसास पोहोचतो आणि मग वळवाच्या सरी त्यास उतरवितात. दिवसभर पठार तापते, समुद्रांवरून आलेली ओलसर हवा आणि अंतर्भागातील कोरडी हवा ह्यांची गाठ ह्या पठारावर पडते, तापलेली हवा वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह पाऊस कोसळतो. एकट्या मे महिन्यात सरासरी सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. ह्या सरींस आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत आम्रसरी म्हटले आहे. कोडगू आणि चिकमगळूरच्या मळ्यांत त्यांच्यावर कॉफीचा बहर अवलंबून असतो. कोलारकडील श्रीनिवासपूरच्या बागांत त्या बेताने आल्या तर फळ पोसते, गारांसह आल्या तर झडते. हापूसला येथे बदामी म्हणतात, आणि त्याचेही नशीब देवगडच्या भावंडाप्रमाणे काही दिवसांच्या हवेवर लटकलेले असते.

हवामानशास्त्राच्या इतिहासात बंगळूर आणि पुणे ही दोन शहरे वारंवार एकत्र येतात. अण्णा मणी ह्या विदुषींनी संशोधनाचा आरंभ बंगळुरात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली केला. १९४८ मध्ये त्या पुण्यास हवामानखात्यात रुजू झाल्या आणि परदेशातून आणावी लागणारी उपकरणे देशात तयार होऊ लागली, ह्याचे मोठे श्रेय त्यांचे. निवृत्तीनंतर त्या बंगळुरास परतल्या. उलट दिशेने आलेल्या विदुषी म्हणजे पुण्याच्या सुलोचना गाडगीळ. भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मॉन्सूनचा अभ्यास उभा केला, आणि तेथील वातावरणविज्ञानाच्या केंद्राच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. द. रा. सिक्का यांच्या समवेत त्यांनी १९८० साली दाखवून दिले की पावसाळ्यातील ढगांचे पट्टे विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरून काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेस सरकत येतात. पुढे तुमकूर जिल्ह्यातील पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांशी बोलून, पेरणी कोणत्या आठवड्यात करावी ह्याचे गणित त्यांनी मांडले. शास्त्रज्ञाने शेतकऱ्यास शिकविण्यापूर्वी त्याचा प्रश्न समजून घ्यावा, हे त्यांचे म्हणणे होते. २०२५ साली बंगळुरातच त्यांचे निधन झाले. आमच्या ह्या शहरात राहिलेल्या मराठी माणसांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

आणखी एक मराठी नाव घराघरांत पोहोचले ते डॉ. वसंत गोवारीकर यांचे. १९८७ च्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप तयार केले आणि १९८८ पासून पावसाळ्याचा अंदाज पुन्हा आत्मविश्वासाने दिला जाऊ लागला. अनेक वर्षे ‘सर्वसामान्य पाऊस’ हे शब्द खरे ठरले. २००२ साली मात्र अंदाज सर्वसामान्य पावसाचा असताना जुलै महिन्यात पावसाने मोठी ओढ दिली आणि मोसमात एकोणीस टक्के तूट पडली. त्यानंतर पद्धती बदलल्या. आज महासागर आणि वातावरण ह्यांचे गणित संगणकावर सोडवून अंदाज केला जातो, आणि तो टक्केवारीच्या शक्यतेत सांगितला जातो. पूर्वीचा ज्योतिषी निश्चित बोले, आजचा शास्त्रज्ञ शक्यता सांगतो. लोकांस हे कमीपणाचे वाटते, पण १८९९ आणि २००२ ह्या दोन वर्षांचा अनुभव त्यामागे आहे.

अंदाज वाचताना एक भेद नेहमी ध्यानात ठेवावा लागतो. पाऊस लवकर आला म्हणजे तो पुरेसा पडेलच असे नाही. उपलब्ध नोंदींत केरळात मॉन्सून सर्वांत लवकर, ११ मे रोजी, आला तो १९१८ साली, आणि ते वर्ष देशातील भीषण अवर्षणांपैकी एक ठरले. सर्वांत उशिरा, १८ जूनला, तो १९७२ साली आला, आणि त्या वर्षीही दुष्काळच पडला. त्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे आमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. २०२५ मध्ये मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद पूर्वी नव्हती, आणि त्या वर्षी देशात पाऊस सरासरीहून अधिक झाला. तिन्ही वर्षांच्या तारखा व त्यांचे फळ शेजारी ठेवली, तर तारखेवरून मोसम ओळखण्याचा मोह आवरता येईल.

पावसाळ्याचे भाकीत जुने आहे, उन्हाळ्याचे मात्र नवे. मार्च ते मे ह्या महिन्यांच्या तापमानाचा अंदाज हवामानखाते २०१६ पासून देऊ लागले. उन्हाळा हाही एक संकटकाळ आहे, हे त्याने मान्य केले म्हणावयाचे. उष्णतेच्या लाटेचे निकषही भूमीप्रमाणे निराळे आहेत. मैदानी प्रदेशात पारा निदान चाळीस अंशांस, किनाऱ्यावर सदतीस अंशांस आणि डोंगराळ भागात तीस अंशांस पोहोचला, आणि तो सरासरीहून साडेचार अंश वा अधिक असला, तर लाट मानतात. बंगळूरच्या शहर वेधशाळेत पारा चाळिसास कधी पोहोचलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये तो ३९.२ वर गेला, आणि एप्रिल २०२४ च्या अखेरीस ३८.५ वर. ज्या घरांत पंख्याचीही गरज नसे अशी आठवण जुनी मंडळी सांगतात, त्याच शहराचे हे आकडे आहेत.

२०२३ आणि २०२४ ह्या दोन वर्षांचा अनुभव तर अगदी ताजा आहे. एल निन्योच्या वर्षी पावसाळा उणा गेला. कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. पुढच्या उन्हाळ्यात बंगळुरातील कूपनलिका आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, आणि शहर वेधशाळेत साऱ्या एप्रिलमध्ये नोंदण्याजोगी सर आली नाही. मग २ जून २०२४ रोजी एकाच दिवसात १११.१ मिलिमीटर पाऊस कोसळला. जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १८९१ पासूनचा उच्चांक त्याने मोडला. महिनाभर ज्या पाण्यासाठी शहर तळमळले, ते एका सायंकाळी रस्त्यांवरून वाहून गेले.

ह्याचे कारण केवळ आकाशात शोधून चालणार नाही. केंपेगौडांच्या काळापासून ह्या शहराने पाणी तळ्यांत साठविले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. तळी गेली तसे हेसरघट्टचे पाणी १८९४ मध्ये, तिप्पगोंडनहळ्ळीचे १९३३ मध्ये आणि कावेरीचे १९७४ मध्ये आणावे लागले. कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरांच्या अंतरावरून, टप्प्याटप्प्याने उपसून येथे चढवितात. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. कावेरीस कोडगूत पाऊस झाला तर पाणी, आणि कोडगूचा पाऊस त्याच वाऱ्यांचा जे रत्नागिरी आणि आंबोलीवर ढग लोटतात. म्हणजे आमच्या नळाचे पाणी आणि गावाकडच्या विहिरीचे पाणी एकाच मॉन्सूनचे आहे. पोस्टकार्डावरचे ते दोन प्रश्न मुळात एक होते, ते ह्याही अर्थाने.

मग भाकिताचा उपयोग काय? आमच्या मते तो तीन प्रकारचा आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाळ्याचा अंदाज येतो, तो वाचून घरातील वृद्धांची आणि तान्ह्यांची दुपारची व्यवस्था ठरवावी. एप्रिलच्या मध्यास पावसाळ्याचा पहिला अंदाज येतो, तो कमी पावसाकडे झुकलेला असेल तर पुढच्या वर्षाच्या पाण्याची काटकसर त्याच दिवशी सुरू करावी, नळ आटण्याची वाट पाहू नये. आणि अंदाज कसाही असो, वैशाखातल्या वळवाचे पाणी छपरावरून टाकीत वा जमिनीत उतरविण्याची सोय घरोघरी असावी. ह्या शहरात पर्जन्यजलसंचय २००९ च्या कायद्याने आवश्यक केलेला आहे. आमच्या सभासदांपैकी कितीजणांच्या पन्हळी खरोखर टाकीशी जोडलेल्या आहेत आणि कितींच्या केवळ नकाशावर, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे.

कौटिल्याने कोठारापुढे कुंड ठेवण्यास सांगितले, त्यास दोन हजार वर्षे होऊन गेली. एक साधे पर्जन्यमापक आजही अल्प खर्चात गच्चीवर ठेवता येते. मंडळातील कुटुंबांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत अशी मापके ठेवून पाडव्यापासून मृगापर्यंतच्या सरी मुलांकडून टिपून घेतल्या, तर जयनगरात किती, मल्लेश्वरात किती आणि व्हाइटफील्डला किती पाऊस पडला, ह्याची एक वही मंडळाच्या कपाटात तयार होईल. आमच्या पुढच्या पिढीस ती वही मराठीत लिहिलेली मिळावी, एवढीच ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची इच्छा आहे.